दोन आघाड्यांमधलं टपाल

१९१६ साली मेअखेरपासून डिसेंबरपर्यंत जर्मन लष्कराच्या टपालातून दोन सैनिकांची पत्रं ये-जा करत होती. एक जण मॅसिडोनियाच्या डोंगरांत, विमानविरोधी तोफांच्या तुकडीत होता. दुसरा फ्रान्समध्ये, व्हर्दंच्या आघाडीवर. मधे अख्खा युरोप पेटलेला. आघाडीवरून आलेलं पत्र म्हटलं की घरची चौकशी, लोकरी मोज्यांची मागणी, रजेची आशा असं काहीबाही मनात येतं. या दोघांच्या पत्रांत मात्र भांडण आहे, आणि ते दोन हजार वर्षांचं जुनं भांडण आहे. तू अजून यहुदी का, हा एकाचा सवाल. तू ज्या घरातून बाहेर पडलास ते घर रिकामं झालं असं तुला कुणी सांगितलं, हा दुसऱ्याचा. दोघंही तिशीच्या अलीकडचे, दोघंही जन्मानं यहुदी, दोघंही एकमेकांवर जीव टाकणारे.

फ्रान्झ रोझेनझ्वाइग आणि ऑयगेन रोझेनश्टॉक. नावंसुद्धा जोडीनं घ्यावीत अशीच.

फ्रान्झ कासेलचा. सुखवस्तू घरातला एकुलता एक मुलगा, जन्म २५ डिसेंबर १८८६ चा, म्हणजे ऐन नाताळातला. घरात यहुदी धर्म उरला होता तो सणावारापुरता. थोडीफार ओढ लावली ती घरातच राहणाऱ्या आदाम नावाच्या वृद्ध चुलत आजोबांनी. फ्रान्झ आधी वैद्यक शिकला, मग ते सोडून इतिहास आणि तत्त्वज्ञानाकडे वळला, आणि हेगेलच्या राज्यविचारावर त्यानं डॉक्टरेट मिळवली. १९०९ मध्ये त्याच्या नात्यातल्या भावंडांपैकी एक, हान्स एरेनबेर्ग, ख्रिस्ती झाला तेव्हा फ्रान्झनं आपल्या नाराज आईवडिलांना लिहिलं होतं, की आपण सगळे तसेही ख्रिस्तीच झालो आहोत. ख्रिस्ती राज्यात राहतो, ख्रिस्ती शाळांत शिकतो, ख्रिस्ती पुस्तकं वाचतो. मग हान्सनं असं काय वेगळं केलं?

ऑयगेन बर्लिनच्या बँकवाल्याचा मुलगा. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर त्यानं आपणहून प्रॉटेस्टंट पंथाचा बाप्तिस्मा घेतला. त्या काळी जर्मनीत प्राध्यापकीसाठी, बढतीसाठी, चांगल्या स्थळासाठी बाप्तिस्मा घेणारे यहुदी पुष्कळ होते. ऑयगेन त्यातला नव्हता. येशू ख्रिस्तावर त्याची श्रद्धा बसली होती, आणि ती उभ्या आयुष्यात ढळली नाही. पुढचं सगळं समजून घ्यायचं तर ही एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

१९१३ साली फ्रान्झ लाइपझिगला होता. डॉक्टरेट पदरात पडलेली असूनही तो कायद्याच्या इतिहासाच्या तासांना जाऊन बसे, आणि ते तास घेणारा ऑयगेन त्याच्यापेक्षा दीड वर्षानं लहान होता. थोरला बाकावर, धाकटा फळ्यापाशी. त्यातून मैत्री झाली. आणि मग ७ जुलैची रात्र आली. आदल्याच दिवशी ऑयगेनला पंचविसावं वर्ष पुरं झालेलं. तिसरा होता फ्रान्झच्याच नात्यातला आणखी एक भाऊ, रुडोल्फ एरेनबेर्ग. सेल्मा लागरलॉफच्या एका कादंबरीवरून विषय निघाला आणि रात्र सरत गेली तसा तो श्रद्धेवर आला. विचार करणाऱ्या माणसाला श्रद्धा परवडत नाही, अशी फ्रान्झची तोवरची धारणा. तो एकेक मुद्दा घेऊन ऑयगेनला मागं रेटत होता. शेवटी त्यानं विचारलं: समज, सगळी उत्तरं संपली, तर तू काय करशील? ऑयगेननं सांगितलं, की जवळच्या चर्चमध्ये जाईन, गुडघे टेकीन आणि प्रार्थना करायचा प्रयत्न करीन.

युक्तिवादाला फ्रान्झनं युक्तिवाद दिला असता. पण समोर बसलेला हा तल्लख, व्यासंगी माणूस गुडघे टेकण्याची गोष्ट सहज बोलून गेला, आणि तसं सहज टेकता येईल असं ठिकाण आपल्याजवळ नाही, हे फ्रान्झला त्या रात्री कळलं. तो हरला. बाप्तिस्मा घ्यायचं ठरवूनच तो त्या रात्रीतून बाहेर पडला. अट त्यानं एकच घातली: मी ख्रिस्ताकडे जाईन तो यहुदी म्हणून, पहिले शिष्य गेले तसा. धर्महीन म्हणून जाणार नाही. म्हणून आधी यहुदी वर्षारंभाचे आणि योम किप्पूरचे, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाचे, दिवस तो नीट पाळणार होता.

कासेलच्या घरी आईशी झालेलं त्याचं बोलणं त्याच्या चरित्रात आलं आहे. हातात नवा करार धरून मुलगा आईला सांगतो, की सत्य इथं आहे, येशूवाचून वाट नाही. आई विचारते, परवा वर्षारंभाला सिनेगॉगमध्ये गेला होतास ना? तो म्हणतो, हो, आणि योम किप्पूरलाही जाणार, अजून मी यहुदीच आहे. त्यावर आई म्हणते, मी त्यांना सांगून ठेवीन तुला दारातूनच परत पाठवायला. धर्म सोडणाऱ्याला आमच्या सिनेगॉगमध्ये जागा नाही. ज्या घरात धर्म नुसता सणापुरता उरला होता त्या घरातली ही बाई. मराठी वाचकाला हा प्रसंग परका वाटायचं कारण नाही. १८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरात काय झालं, ते लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलं आहे. धर्मांतराचा विचार पुस्तकात होतो, आणि त्याची झळ स्वयंपाकघरात लागते.

योम किप्पूर त्या वर्षी ११ ऑक्टोबरला आला. फ्रान्झ बर्लिनला गेला आणि एका जुन्या वळणाच्या सिनेगॉगमध्ये त्यानं दिवसभराचा उपास आणि प्रार्थना केली, असं त्याचे चरित्रकार सांगतात. तिथं काय झालं, हे तो पुढं बोलला नाही. नंतरच्या काही अभ्यासकांनी तर या हकिकतीवरच शंका घेतली आहे. मी तिच्यावर फार विसंबत नाही, कारण पत्र आहे. ३१ ऑक्टोबरला त्यानं रुडोल्फला कळवलं, की आपण निर्णय फिरवला. बाप्तिस्म्याची गरज उरली नाही, आणि आता ते शक्यही नाही. मी यहुदीच राहतो.

त्याची कारणं वाचताना मी दर वेळी थबकते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की माझ्यावाचून कुणी पित्याकडे येत नाही. फ्रान्झ हे नाकारत नाही. जगातल्या सगळ्या राष्ट्रांसाठी ते खरं आहे, असं तो मोकळेपणानं मान्य करतो. त्याचं म्हणणं इतकंच: जो पित्याकडे आधीपासूनच आहे, त्यानं कुठल्या वाटेनं निघायचं? इस्राएल तिथं आहेच. ख्रिस्ती धर्माच्या केंद्रस्थानी असलेलं वचन त्याच्या सगळ्या वजनासकट उचलायचं आणि त्याच वचनाच्या आत आपल्या समाजाची जागा दाखवायची, हे धैर्य त्या कोवळ्या वयात त्याच्यात कुठून आलं असेल? लाइपझिगच्या रात्री ऑयगेननं त्याला हरवलं नसतं तर हे वाक्य त्याला सुचलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

पण ऑयगेनशी हा विषय मोकळा झाला नव्हता. मधे युद्ध आलं. फ्रान्झ आधी बेल्जियममध्ये रेड क्रॉसच्या कामावर गेला, मग सैन्यात शिरला आणि बाल्कनमध्ये पोचला. ऑयगेन अधिकारी म्हणून पश्चिम आघाडीवर. विद्यापीठाची झूल दोघांच्याही अंगावरून उतरली होती, आणि मग पत्रं सुरू झाली.

सुरुवातीची पत्रं जरा आडून आडून चालतात. हेगेल येतो, निसर्ग आणि साक्षात्कार यांचं नातं येतं, ऑयगेनच्या डोक्यात घोळणारी कालगणनेची कल्पना येते. मग शरद ऋतूत दोघंही मूळ गोष्टीला हात घालतात. फ्रान्झच्या एका पत्रात सिनेगॉगची मूर्ती येते, डोळ्यांवर पट्टी बांधलेली आणि हातात मोडकी काठी धरलेली. तशा मूर्ती युरोपातल्या अनेक चर्चवर आहेत. सर्वांत नावाजलेली स्ट्रासबुर्गच्या कॅथीड्रलच्या दक्षिण दारासाठी, १२३० च्या सुमारास घडवलेली. दाराच्या एका अंगाला ‘चर्च’ उभी आहे: माथ्यावर मुकुट, एका हातात क्रूसाचा दंड, दुसऱ्या हातात चषक, नजर ताठ. दुसऱ्या अंगाला ‘सिनेगॉग’: डोळ्यांवर पातळ पट्टी, भाला तुकडे तुकडे झालेला, नियमशास्त्राच्या पाट्या बोटांतून निसटायला आलेल्या, मान खाली वळलेली. मी ती छायाचित्रांतच पाहिली आहे. पट्टीचं कापड इतकं तलम कोरलं आहे की खालच्या पापण्यांचा उंचवटा जाणवतो. कमरेपाशी अंग किंचित वळलेलं आहे, आणि त्या वळणात एक असा डौल आहे की शिल्पकाराचं मन या पराभूत स्त्रीकडेच ओढलं गेलं असावं असं वाटतं. यहुद्यांना आंधळं आणि हरलेलं दाखवण्यासाठी ती तिथं बसवली होती. शतकानुशतकं दारातून आत जाणाऱ्या माणसांनी ती पाहिली, आणि तिच्याकडून जे शिकायचं ते शिकून ती घरी गेली.

फ्रान्झ ही मूर्ती नाकारत नाही. ती आपलीच, असं म्हणतो. हो, तिचा दंड मोडलेला आहे, कारण जगावर सत्ता चालवणं हे तिचं काम नव्हे. हो, तिच्या डोळ्यांवर पट्टी आहे, कारण बाहेरच्या जगाच्या घडामोडींत तिनं गुंतायचं नाही. जिवंत राहायचं, निर्मळ राहायचं, आणि दूरचं, अगदी शेवटचं आहे ते आतल्या डोळ्यानं पाहत राहायचं. जगात हिंडायचं, राष्ट्रांना एका देवाकडे आणायचं, हे काम चर्चचं. चर्चला सिनेगॉगची गरज आहे आणि चर्चला ते ठाऊकही आहे. मग तो एक अवघड गोष्ट लिहितो. यहुदी हट्टी आहेत, असं चर्च मानतं; या धार्मिक मताचंच व्यवहारात यहुदीद्वेषात रूपांतर होतं. आणि याला यहुदी बाजूनं जोड आहे ती यहुद्यांच्या अभिमानाची, जो परक्याला समजावून सांगणं अवघड. स्वतःच्या समाजाबद्दल इतकं सरळ लिहायला समोर ऑयगेनच हवा होता.

ऑयगेनचं उत्तर मऊ नाही. हा तुमचा गर्व, तो लिहितो, देवापाशी आपला कधीच न जाणारा हक्क आहे असं समजण्याचा भाबडा गर्व. सिनेगॉगच्या घरात आता काही उरलेलं नाही. यहुदी कुठल्या मायभूमीसाठी मरत नाही. हे वाक्य ज्याला लिहिलं तो त्या घटकेला जर्मनीच्या गणवेशात तोफेपाशी उभा होता. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात प्रशियाच्या युद्धमंत्र्यानं हुकूम काढला होता, की सैन्यातल्या यहुद्यांची वेगळी शिरगणती व्हावी, ते आघाडी चुकवतात का हे पाहण्यासाठी. तिचे आकडे युद्ध चालू असताना जाहीरच झाले नाहीत. पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी सुमारे बारा हजार यहुदी सैनिक मेले. ऑयगेनचं ते वाक्य मला आजही खुपतं. तो स्वतः त्याच रक्ताचा होता म्हणून जास्तच खुपतं.

दोघांच्या झटापटीत मला सर्वांत मोलाची वाटते ती अब्राहामाची जागा. ऑयगेन म्हणतो, अब्राहाम मोरिया डोंगरावर बळी द्यायला निघाला तो मुलाचा, आपल्याजवळच्या कशाचा तरी. ख्रिस्तानं दिला तो स्वतःचा. यात जुन्या आणि नव्याचं अंतर आलं. फ्रान्झ उत्तर देतो, अब्राहामानं कुठलं तरी मूल नेलं नव्हतं. नेला तो एकुलता एक, देवानं ज्याच्यावरून वंशाचं वचन दिलं तो मुलगा; आणि नेला तो वचन देणाऱ्या त्याच देवापुढे. त्या मुलाबरोबर अब्राहामाच्या जगण्याचा सगळा अर्थ त्या लाकडांवर चढत होता. मग स्वतःला दिलं नाही असं कसं म्हणता येईल? हे वाचताना मला आठवण होते ती अशी, की लिहिणारा आपल्या आईचा एकुलता एक मुलगा होता आणि युद्धावर होता.

या पत्रांचं पुस्तक मला दिलं वसईच्या एका मैत्रिणीनं. ती कॅथलिक, रविवारची मिस्सा न चुकवणारी. मी वारकरी घरातली. पुस्तकाच्या समासात तिच्या पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. ऑयगेनच्या कडक वाक्यांपाशी एक उभी रेघ आणि पुढं प्रश्नचिन्ह. मोरियाच्या पानावर तिनं इतकंच लिहिलं होतं: ‘याला माझ्याकडे उत्तर नाही.’ मी पुस्तक परत करताना तिच्या रेघांशेजारी माझ्या रेघा ओढल्या होत्या, काही ठिकाणी तिच्याविरुद्ध. तिचा फोन आला तो रागावलेला होता, आणि दीड तास चालला. आमच्या तीसेक वर्षांच्या मैत्रीत देवाबद्दल आम्ही इतकं खरं बोललो नव्हतो. एकमेकींच्या घरचा फराळ आणि केक खाल्ला होता, एकमेकींच्या घरच्या मयतींना गेलो होतो, पण तुला माझा देव खरा वाटतो का, हे कुणीच कुणाला विचारलं नव्हतं.

आपल्याकडे धर्माधर्मांतला संवाद म्हटला की मंच असतो, समई असते, चार धर्मांचे चार वक्ते असतात, आणि सगळे धर्म शेवटी एकच सांगतात यावर सभा संपते. त्या सभांची गरज मी नाकारत नाही. गावात दंगल उसळायच्या बेतात असताना असा एक मंचही मोलाचा असतो. पण फ्रान्झ आणि ऑयगेनच्या पत्रांत जे घडलं ते मंचावर घडत नाही. सगळं एकच आहे, असं दोघांपैकी कुणालाही वाटत नव्हतं. एकाच्या मते दुसरा देवाच्या योजनेतला एक मोठा टप्पा नाकारत होता; दुसऱ्याच्या मते पहिल्यानं आपलं जन्मघर रिकामं समजून सोडलं होतं. इतकं मोठं अंतर झाकून ठेवलं असतं तर मैत्री सुखाची झाली असती, आणि पोकळ झाली असती.

पत्रानं त्यांना एक गोष्ट दिली, ती समोरासमोर मिळाली नसती. वेळ. व्हर्दंहून निघालेलं पत्र मॅसिडोनियाला पोचेपर्यंत दिवसचे दिवस जात. मधे दुसरं पत्र वाटेत असे. मित्राचं जिव्हारी लागलेलं वाक्य घेऊन झोपायचं, पहाऱ्यावर जायचं, पुन्हा काढून वाचायचं, राग निवल्यावर त्यातलं खरं किती ते पाहायचं, आणि मग लेखणी उचलायची. शिवाय दोघांनाही ठाऊक होतं, की उत्तर पोचेल तेव्हा पलीकडे वाचणारा असेलच याचा भरवसा नाही. मरणाच्या इतक्या जवळ बसून माणूस वरवरचं लिहीत नाही.

पत्रांचा तो पूर डिसेंबरात ओसरला. मुरलेलं पुढं बाहेर आलं. १९१८ च्या ऑगस्टमध्ये, अजून बाल्कनच्याच आघाडीवर, फ्रान्झनं ‘मुक्तीचा तारा’ हा आपला मोठा ग्रंथ लिहायला घेतला. लष्करी पोस्टकार्डांवर, पत्रांतून तो मजकूर तुकड्या तुकड्यांनी घरी पाठवत होता, कासेलला, आईकडे. मुलाला सिनेगॉगच्या दारातून परत पाठवायला निघालेली ती आई आता यहुदी धर्माचं विसाव्या शतकातलं एक थोर पुस्तक टपालातून उतरवून घेत होती. १९१९ च्या फेब्रुवारीत ते पुरं झालं, १९२१ ला छापलं गेलं. त्यातला यहुदी समाज ताऱ्याच्या गाभ्यात जळणारा अग्नी आहे, आणि ख्रिस्ती धर्म त्यातून जगात फाकणारे किरण. एक पोचलेला, दुसरा वाटेवरचा. पूर्ण सत्य दोघांपैकी एकाच्याही हाती नाही, ते देवाचं. देवानं या दोघांत वैर घातलं आणि तरीही एकाच कामाला दोघांना घट्ट बांधलं, असं फ्रान्झ मानतो. १९१६ च्या पत्रांतला ऑयगेन या ग्रंथात जागोजागी आहे, नाव न घेता. ऑयगेननं १९१६ मध्ये भाषेवर एक लांबलचक पत्र त्याला पाठवलं होतं. त्याचा आपल्या ग्रंथावर किती परिणाम झाला ते फ्रान्झनं पुढं छापील लेखात नोंदवलं.

याच ग्रंथात इस्लामवरची पानं मात्र अन्यायाची आहेत. त्यांत मुसलमान माणूस दिसत नाही, पुस्तकी सांगाडा दिसतो. मला याचं कारण सरळ वाटतं: त्या बाजूनं फ्रान्झला खडसावून पत्र लिहिणारा कुणी ऑयगेन नव्हता.

आणखी एक पत्रव्यवहार आहे, त्याबद्दल हळुवारपणेच लिहायला हवं. ऑयगेनची पत्नी मार्ग्रिट, माहेरची स्विस, घरातलं नाव ग्रिट्ली. १९१७ नंतर फ्रान्झ आणि ती एकमेकांकडे ओढले गेले. फ्रान्झनं तिला हजाराहून जास्त पत्रं लिहिली. ग्रंथ लिहिताना तर जवळजवळ रोज. ‘मुक्तीचा तारा’च्या मधोमध प्रेमावरचं, बायबलमधल्या गीतरत्नावरचं प्रकरण आहे, साऱ्या पुस्तकाचं काळीज, ते तुझं आहे, असं त्यानं तिला कळवलं होतं. ऑयगेनला हे माहीत होतं. तिघांनीही यात खूप सोसलं, आणि १९२० मध्ये फ्रान्झशी लग्न करून आलेल्या एडिथनं तर सर्वांत जास्त. फ्रान्झची ही पत्रं २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ग्रिट्लीची त्याला आलेली पत्रं आज नाहीत. मला त्यात न्यायनिवाडा करायचा नाही. दोन पुरुषांची मैत्री यातूनही तुटली नाही, एवढं खरं.

१९२२ च्या सुरुवातीला फ्रान्झच्या स्नायूंचा असाध्य आजार उघडकीस आला. पस्तिशीचा माणूस, नुकतंच फ्रांकफुर्टला यहुदी प्रौढांसाठी विद्यालय उभं केलेलं, मुलगा त्याच वर्षी जन्मणारा. आधी हात गेले, मग वाचा गेली. खास बनवलेल्या यंत्रावर तो अक्षर दाखवी. पुढं तेही जड झालं तेव्हा एडिथ अक्षरं उच्चारत जाई आणि योग्य अक्षराला तो खूण करी. अशी अक्षरं जुळवत त्यानं लेख लिहिले, पत्रं लिहिली, आणि १९२५ पासून विचारवंत मार्टिन बूबरबरोबर हिब्रू बायबलचा जर्मन अनुवाद केला. १० डिसेंबर १९२९ ला तो गेला तेव्हा अनुवाद यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायापाशी आला होता. दुःख सोसणाऱ्या सेवकाचा तो अध्याय: ख्रिस्ती त्यात येशूला पाहतात, यहुदी परंपरा त्यात इस्राएलला पाहते, आणि शतकानुशतकं त्यावर वाद चालला आहे. फ्रान्झचं काम तिथं थांबलं.

१९३३ मध्ये हिटलर आला. ऑयगेननं ब्रेस्लाउच्या विद्यापीठातली प्राध्यापकी सोडून अमेरिकेची वाट धरली. नव्या सत्तेला बाप्तिस्म्याशी देणंघेणं नव्हतं. तिनं रक्त मोजलं. १९०९ मध्ये ज्याच्या बाप्तिस्म्याची फ्रान्झनं बाजू घेतली तो हान्स एरेनबेर्ग बोखुममध्ये धर्मगुरू झाला होता. १९३८ च्या नोव्हेंबरात यहुद्यांवर झालेल्या हल्ल्यांनंतर त्याला साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत नेलं. तो सुटून इंग्लंडला पोचला. फ्रान्झची पत्रं बर्लिनमध्ये एका यहुदी प्रकाशकानं १९३५ मध्ये छापली, ज्या वर्षी न्यूरेनबर्गचे कायदे झाले त्याच वर्षी. त्यात १९१६ चा हा पत्रव्यवहार दोन्ही बाजूंनी होता. यहुद्यांना नागरिकत्वातून उठवलं जात असताना, एका यहुद्याचं आणि त्याच्या ख्रिस्ती मित्राचं हे भांडण बर्लिनमध्ये छापून निघत होतं.

चर्चच्या दारातली ती पट्टी सोडायला बराच काळ लागला. कॅथलिक चर्चनं १९६५ च्या ऑक्टोबरात, व्हॅटिकनच्या परिषदेत, ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष साऱ्या यहुदी समाजावर ठेवता येणार नाही, असं जाहीर केलं. मधे साठ लाख माणसं मारली गेली होती.

ऑयगेन फ्रान्झनंतर त्रेचाळीस वर्षं जगला, बरीचशी व्हरमाँटमधल्या नॉर्विच गावी. १९६९ मध्ये, ऐंशी ओलांडलेली असताना, त्यानं हा पत्रव्यवहार इंग्रजीत आणवला, स्वतः संपादून. पुस्तकाचं शीर्षक आहे ‘ख्रिस्ती धर्म असूनही यहुदी धर्म’. स्वतः शेवटपर्यंत ख्रिस्ती राहिलेल्या माणसानं मित्राचं म्हणणं मुखपृष्ठावर घातलं, आणि आपली १९१६ ची बोचरी पत्रं आत होती तशी ठेवली. इतकं सगळं घडून गेल्यावर त्यांतली चार वाक्यं त्याला सहज गाळता आली असती.

पुस्तक अजून मिळतं. ज्यांना वाचावंसं वाटेल त्यांना एक विनंती आहे. आज आपलं मन फ्रान्झच्या बाजूचं असतं, आणि ऑयगेनची पानं भराभर उलटावीशी वाटतात. तसं करू नका. फ्रान्झनं ती आघाडीवर, पुन्हा पुन्हा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचली होती, आणि त्याची स्वतःची प्रत्येक ओळ त्यांना उत्तर म्हणून लिहिलेली आहे. पत्रं तारखेच्या क्रमानं वाचा, दोघांचीही.